रेमेदिओस: वर्षभर शांत आणि एका रात्रीत दणाणून उठणारं क्युबातलं गाव

सागरगोटी

क्युबावर इथे आधी धागे येऊन गेलेत, पण बहुतेक हवाना, जुन्या गाड्या आणि चे गव्हेरा यांच्यावर. मला एका छोट्या गावाबद्दल लिहायचंय. सान हुआन दे लोस रेमेदिओस. व्हिया क्लारा प्रांतात, सांता क्लारा शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर, उत्तर किनाऱ्याजवळ. स्पॅनिश लोकांनी क्युबात वसवलेल्या अगदी सुरुवातीच्या गावांपैकी एक. स्थापनेचं साल कुणी १५१३ सांगतं, कुणी १५१५. गावाने पाचशेवा वाढदिवस २०१५ला साजरा केला.

दुपारी तुम्ही तिथे पोचलात तर वाटेल, इथे काही घडतच नसणार. मधोमध चौक, एका अंगाला मोठं चर्च आणि त्याच चौकात दुसरंही चर्च, बुएन व्हियाहे. बैठी घरं, लाल कौलं, खिडक्यांना जमिनीपासून छतापर्यंत गज. दारात खुर्ची टाकून माणसं बसलेली. सायकली, घोडागाड्या. मोठ्या चर्चचा दर्शनी भाग इतका साधा की आत जावंसंही वाटू नये. आत गेलं की देवदाराच्या लाकडात कोरलेली, सोन्याच्या वर्खाने मढवलेली वेदी आहे आणि डोक्यावर महोगनीचं कोरीव छत. ही दोन्ही कित्येक वर्षं रंगाच्या आणि चुन्याच्या थरांखाली झाकलेली होती. एउतिमियो फाया बोनेत नावाच्या धनिकाने १९४०च्या दशकात स्वतःच्या पैशाने जीर्णोद्धार करवला, तेव्हा ती उघडी पडली. आपलं नाव पुढे येऊ नये असा त्याचा आग्रह होता म्हणतात.

हेच गाव २४ डिसेंबरच्या रात्री ओळखू येत नाही. त्या रात्री तिथे पारांदा असतात.

गावाचे दोन भाग आहेत, सान साल्व्हादोर आणि एल कार्मेन. सान साल्व्हादोरची खूण कोंबडा, एल कार्मेनची ससाणा. त्या रात्री दोन्ही बाजू एकमेकींवर मात करायला उतरतात. आधी चौकाच्या दोन टोकांना उभारलेल्या प्रचंड रोषणाईच्या कमानी उजळतात. यांना 'त्राबाहो दे प्लासा' म्हणतात. लाकडी सांगाडा, त्यावर हजारो दिवे, उंची आजूबाजूच्या घरांच्या कितीतरी वर. मग आतषबाजी, आळीपाळीने, तासन् तास. मध्यरात्र उलटून बराच वेळ गेला की चित्ररथ येतात. ते 'कारोसा'. पहाटेपर्यंत हे चालतं.

आणि निकाल कुणीही देत नाही. परीक्षक नाहीत, गुण नाहीत, चषक नाही. दोन्ही बाजू आपण जिंकलो असं जाहीर करतात आणि हरलेल्या बाजूची खोटी प्रेतयात्रा काढतात. दोघंही काढतात!

पर्यटक २४ तारखेला दुपारी येतात आणि २५ला सकाळी जातात. माझं मत असं की ज्याला पारांदा समजून घ्यायच्या असतील त्याने ती एक रात्र बघून भागत नाही. हे गाव वर्षभर शांत दिसतं ते रिकामं असतं म्हणून नव्हे. बंद गोदामांत काम चालू असतं आणि ते समोरच्या बाजूला कळू द्यायचं नसतं.

केतकीबन

फार छान. या गावाचं नावही ऐकलं नव्हतं. पारांदा सुरू कशा झाल्या ते लिही ना.

सागरगोटी

@केतकीबन, गावात सांगतात ती हकीकत अशी. नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे प्रार्थना असायच्या. डिसेंबरातली थंडी, त्यात पहाट. लोक अंथरुणातून उठायचेच नाहीत. १८२०च्या सुमारास फ्रान्सिस्को विहिल दे किन्योनेस नावाच्या तरुण पाद्र्याने गावातली पोरं गोळा केली आणि त्यांना सांगितलं, हाताला लागेल ते वाजवत गल्ल्यांतून फिरा. पोरांनी शिट्ट्या घेतल्या, पत्र्याचे डबे घेतले, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, नांगराचे फाळ, शंख, कर्रकर्र आवाज करणारी लाकडी चक्रं असं सगळं घेतलं. लोक उठले. प्रार्थनेला किती गेले ते देव जाणे, पण पोरांना वाजवण्याची गोडी लागली आणि मग मोठ्यांनाही. एका वस्तीची पोरं दुसऱ्या वस्तीत जाऊन जास्त गोंगाट करू लागली.

सुरुवातीला अशा कितीतरी वस्त्या होत्या. १८७१च्या आसपास दोघा स्पॅनिश व्यापाऱ्यांनी, एक मायोर्काचा आणि एक आस्तुरियासचा, त्यांना दोन तटांत बांधलं आणि या गोंगाटाला आजच्यासारखं स्पर्धेचं रूप आलं. गोंगाट मात्र गेला नाही. आजही डिसेंबरभर जे वादक गल्ल्यांतून फिरतात त्यांच्या ताफ्यात घंटा आणि नांगराचा फाळ असतोच. फाळावर लोखंडी कांब मारली की जो खणखणीत आवाज निघतो तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो.

नीरेकाठी

हे वाचून मला थेट बोरीचा बार आठवला. माझं आजोळ खंडाळा तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. मागे डफ, हलगी, शिंगं. पलीकडची बाई ओढून अलीकडे आणायचा प्रयत्न होतो, म्हणून पोलीस ओढ्यात उभे असतात. आणि तिथेही कोण जिंकलं ते कुणी ठरवत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला.

पारांदांमध्ये शिव्या असतात का? की फक्त फटाके?

सागरगोटी

@नीरेकाठी, असतात तर! गाण्यांतून. प्रत्येक बाजूची आपली पोल्का, म्हणजे नाचाची धून, आहे, ती ठरलेली, मानाची. पण आपल्या बाजूची कमान उजळली किंवा रथ बाहेर पडला की लोक रस्त्यावर येऊन जो रुंबा म्हणतात त्यात समोरच्यांची यथेच्छ टिंगल असते. तुमचा रथ मोडका, तुमचे दिवे विझले, तुमच्या ससाण्याला पिसं नाहीत, अशा थाटात. ओळी तिथल्या तिथे रचल्या जातात.

मी ज्या घरी उतरले होते तिथे नवरा कार्मेनचा आणि बायको साल्व्हादोरची. डिसेंबर लागला की ती तिच्या आईकडे जेवायला जाते, असं तिने सांगितलं. नवऱ्यासमोर गोदामातला एक शब्दही ती काढत नव्हती. लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली.

वहीवाला

धागा आवडला, पण एक बाजू राहतेय असं वाटतं. चर्चमधलं सोनं, महोगनीचं छत, कौलारू घरं हे सगळं उभं राहिलं त्यामागे ऊस आहे आणि उसामागे गुलामगिरी. क्युबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ला. म्हणजे तो पाद्री पोरांना उठवत होता त्या काळात त्याच गावात माणसं विकली आणि विकत घेतली जात होती. 'वसाहतकालीन सुंदर गाव' असं लिहिताना हे विसरायला होतं.

रेमेदिओसच्याच इतिहासात याचं एक भयंकर प्रकरण आहे. १६८०च्या दशकात होसे गोन्सालेस दे ला क्रूस नावाच्या पाद्र्याने जाहीर केलं की गावावर सैतानांच्या फौजा उतरल्यात आणि गाव जमिनीत गडप होणार. पुरावा काय, तर लिओनार्दा नावाच्या एका गुलाम स्त्रीच्या अंगात ल्युसिफर आलाय आणि तो तिच्या तोंडून बोलतोय. गाव उठवून दुसरीकडे न्यायचं हा त्याचा हेतू, आणि जिथे न्यायचं म्हणत होता तिथे जमीन त्याची. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यांनी लोक आधीच धास्तावलेले होते. शेवटी काही कुटुंबं निघाली आणि त्यांनी १६८९ला सांता क्लारा वसवलं. जे हलायला तयार नव्हते त्यांची घरं जाळण्यापर्यंत मजल गेली. तरी ते राहिले. फेर्नांदो ओर्तिस या क्युबन अभ्यासकाने या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास करून ठेवलाय.

त्या लिओनार्दाचं पुढे काय झालं याची गावाने आठवण ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

सागरगोटी

@वहीवाला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गावात ही गोष्ट सैतानांची गंमत म्हणून सांगतात. तुम्ही सांगितलीत ती तशी नाही आणि तीच खरी वाटते.

एक भर घालते. जे हलले नाहीत त्यांचं रेमेदिओस मागे पडलं. सांता क्लारा बेटाच्या मध्यावर, रस्ते तिकडून, पुढे रेल्वे तिकडून, प्रांताची राजधानीही तेच झालं. रेमेदिओसचं बंदरही जवळच्या काइबारियेनकडे गेलं. गावाचा जुना तोंडवळा टिकला त्याचं हे मोठं कारण आहे. पाडून नवं बांधावं इतका पैसा नंतर तिथे आलाच नाही.

आंबेमोहोर

इथे संगीतवाले असतील तर त्यांच्यासाठी: आलेहांद्रो गार्सिया कातुर्ला याच गावचा. जन्म १९०६. विसाव्या शतकातल्या क्युबाच्या सर्वांत महत्त्वाच्या संगीतकारांपैकी एक. पॅरिसला नादिया बूलांजे या नामांकित संगीतशिक्षिकेकडे शिकला. आफ्रो-क्युबन ताल त्याने सिंफनीच्या वाद्यवृंदात आणले, तेही चवीपुरते नव्हेत, रचनेचा कणा म्हणून. त्याची एखादी वाद्यवृंदाची रचना हेडफोन लावून ऐका. एका वेळी तीन-चार दिशांनी वेगवेगळे ताल अंगावर येतात. डिसेंबरात दोन तटांचे ताफे एकाच चौकात समोरासमोर वाजत असताना जो पोरगा वाढला, त्याच्या कानाला हे वेगळं शिकवावं लागलं नसणार. हे माझं ऐकणं आहे, पण मला त्याची खात्री वाटते.

पोटासाठी तो न्यायाधीश होता, आणि कडक. १९४०च्या नोव्हेंबरात, ज्याचा खटला त्याच्यापुढे होता अशा एका आरोपीनेच त्याला रेमेदिओसच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. वय ३४. चौकातल्या त्याच्या घराचं आता संग्रहालय आहे.

केतकीबन

चौतीस. वाचून बसूनच राहिले.

धूपारती

मी आतषबाजीबद्दल विचारणार होते. मी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम करते, त्यामुळे असं काही वाचलं की मला आधी तेच दिसतं. २०१७च्या पारांदांमध्ये दारूसामानाचा स्फोट होऊन बरेच लोक भाजले होते, त्यांत लहान मुलं होती. बातमी तेव्हा इथेही आली होती. त्यानंतरही हे तसंच चालू आहे का? परंपरा म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती दारूसामान देणं मला कुठेही मान्य नाही, क्युबात नाही आणि आपल्याकडेही नाही.

सागरगोटी

@धूपारती ताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. आतषबाजी हा पारांदांचा गाभा आहे, आणि ती जवळून होते, हेही खरं. आपल्याकडे मोकळ्या मैदानात दूर उडवतात तशी नसते. चौकाला लागून बाण पेटवायच्या जागा असतात. शेकडो बाण एकापाठोपाठ सुटतात, ते पेटवणारी माणसं गोणपाट आणि टोप्या घालून त्या धुरातच उभी असतात. जळक्या काड्यांचा पाऊस पडतो. मी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घातला होता आणि तरी एका खांबाआड उभी होते.

पुढच्याच वर्षी, २०१८च्या अखेरीस, मॉरिशसमधल्या बैठकीत युनेस्कोने मध्य क्युबातल्या पारांदांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रेमेदिओस एकटं नव्हे, व्हिया क्लारा, सांक्ती स्पिरितुस आणि सिएगो दे आव्हिला या तीन प्रांतांतल्या अठरा गावांच्या पारांदा. काइबारियेन, कामाहुआनी अशी गावं त्यांत आली. वारसा झाला म्हणून जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. मुलांना त्या जागांपासून लांब ठेवता येईल आणि तरी पारांदा पारांदाच राहतील.

नीरेकाठी

बाण उडवणारे पगारी असतात की हौशी?

सागरगोटी

प्रत्येक बाजूची आपापली माणसं, बहुतेक पिढीजात. बाप बाण बांधायचा म्हणून मुलगा बांधतो.

कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला धागा काढावासा वाटला तो त्याचसाठी. दोन्ही तटांची मोठी गोदामं आहेत. कमानीचा आराखडा, रथाची कथा, कपड्यांचे रंग, सगळं गुपित. सुतार, वीजकाम करणारे, शिंपी, कागदकाम करणारे, चित्रकार. नोकरी आटोपून संध्याकाळी येतात. समोरच्या तटाचे लोक हेरगिरी करतात, हे दोन्हीकडचे लोक अभिमानाने सांगतात. कमान सुट्या भागांत तयार होते आणि डिसेंबरात चौकात उभी राहते. तोवर पूर्ण रूप आराखडा काढणाऱ्यालाच माहीत. दिवे कुठल्या क्रमाने लागणार हे तर त्या रात्रीपर्यंत कळत नाही. दिव्यांचा खेळ चालवायला पूर्वी लाकडी पिंप वापरत. पिंप फिरवायचं, त्यावरच्या पत्र्याच्या पट्ट्या तारांना टेकतील तसे दिवे लागत आणि विझत.

चित्ररथांचीही गंमत वेगळी आहे. कार्निव्हल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाचणारी माणसं येतात. रेमेदिओसच्या रथावर कुणी नाचत नाही. एखादी दंतकथा, एखादा ऐतिहासिक प्रसंग घेतात. भरजरी कपड्यांतली माणसं त्या प्रसंगात पुतळ्यासारखी स्तब्ध उभी राहतात आणि रथ हळूहळू चौकात येतो. इतका वेळ कानठळ्या बसवणारा गोंधळ आणि मग हे न हलणारे चेहरे. मी बघितला त्या रथावरच्या एका मुलीच्या गालावरून घाम ओघळत होता, पण तिने पापणी हलवली नाही. खाली तिच्या तटाच्या बायका तिला नावाने हाका मारत होत्या.

दूरवाट

मी कॅनडात असतो. इथून क्युबाला बरेच लोक जातात, पण थेट कायो सांता मारियाच्या हॉटेलांत, समुद्रावर आठवडा काढून परत. रेमेदिओस त्या बेटाच्या वाटेवरच आहे हे हा धागा वाचून कळलं. सध्याच्या परिस्थितीत हे सगळं कसं चालतं? २०२४च्या ऑक्टोबरात तर अख्ख्या देशाची वीज गेली होती. हजारो दिव्यांची कमान लावायची कुठून?

सागरगोटी

@दूरवाट, हा फार दुखरा प्रश्न आहे. कागद, रंग, लाकूड, तार, फटाक्यांची दारू, एकही वस्तू सहज मिळत नाही. काही खर्च सरकार उचलतं, बाकी गोळा करतात. गावातली तरुण पोरं मोठ्या संख्येने देश सोडून जाताहेत आणि बाण बांधणारे, पट्ट्या ठोकणारे हात त्यांच्याबरोबर जातात, ही चिंता मला कमानीच्या विजेहून मोठी वाटते. वीज आज नाही, उद्या येईल. रथाचा सांगाडा कसा तोलायचा हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, ते शेजारी उभं राहून शिकायचं असतं.

त्या गावाने कठीण डिसेंबर आधीही पाहिलेत. १९५८ला, याच दिवसांत, चे गव्हेराच्या तुकडीने रेमेदिओस आणि काइबारियेन घेतलं. त्यानंतर १९६९ला ऊसतोडणीच्या मोहिमेसाठी देशातली नाताळची सुट्टीच रद्द झाली, ती परत मिळाली १९९७ला. नाताळचं नाव घेणं अवघड झालं त्या वर्षांतही कोंबडा आणि ससाणा टिकून राहिले. लोक या दोन खुणांना किती घट्ट धरून आहेत ते यावरून लक्षात यावं.

वहीवाला

साखर कारखान्यांचं काय झालं? २००२पासून क्युबाने निम्मे कारखाने बंद केले. हा सगळा उसाचा पट्टा होता ना?

सागरगोटी

हो. रेमेदिओस आणि काइबारियेनच्या मध्ये मार्सेलो सालादो नावाचा बंद कारखाना आहे, तिथे आता साखर उद्योगाचं संग्रहालय आहे. जुनी वाफेची इंजिनं जपून ठेवलीत. कारखान्यांबरोबर रोजगार गेला, आणि कमानींसाठी लागणारं लोखंडकाम, जोडकाम, वीजकाम येणारे बरेच जण कारखान्यातच तयार झाले होते, असं मला तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं. आता माणसं कायो सांता मारियाच्या हॉटेलांत कामाला जातात. सकाळी बस भरून जाते, संध्याकाळी परत.

केतकीबन

तिथे जायचं तर कधी जावं? आणि राहायचं कुठे?

सागरगोटी

शक्य असेल तर १६ डिसेंबरच्या आधी पोचा. त्या दिवसापासून पहाटेचा गोंगाट सुरू होतो आणि त्यात मुलं असतात. मूळची पारांदा हीच. चौकात कमानींचे सांगाडे चढताना दिसतात, खाली उभं राहून सगळं गाव सल्ले देत असतं. पारांदांचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथे जुन्या कमानींच्या प्रतिकृती, वाद्यं, कपडे ठेवलेत, ते २४ तारखेच्या आधी बघा म्हणजे त्या रात्री काय चाललंय ते कळेल.

राहायला लोकांची घरं. खोल्या भाड्याने देतात, जेवण घरचंच. २४च्या रात्रीसाठी फार आधी ठरवावं लागतं. औषधं, टॉर्च, साबण भारतातून किंवा कॅनडातून घेऊन जा, थोडं जास्तच न्या आणि तिथेच ठेवून या. कान झाकायला काहीतरी हवंच. कपडे सुती, सिंथेटिक अजिबात नको, धूपारतीताई याचं कारण माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, तुम्ही कुणाचे? "दोन्ही आवडतात" हे उत्तर तिथे चालत नाही. ज्या घरात उतराल त्या घराचे व्हा.

धूपारती

सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. सुती जळतं, पण काढता येतं. भाजलं तर साध्या, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. हे दिवाळीलाही लागू.

नीरेकाठी

@सागरगोटी, तू कुणाची झालीस ते सांगितलंच नाहीस.

सागरगोटी

साल्व्हादोरची. यजमानीणबाईंनी पहिल्या संध्याकाळीच लाल-निळा रुमाल गळ्यात बांधला. त्या वर्षी आम्हीच जिंकलो.